कॉलेज बास्केटबॉलचा हेड कोच कसा पारखावा: निवड समितीसाठी सविस्तर पद्धत

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन वन या सगळ्यांत वरच्या गटात, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. दर मार्च-एप्रिलमध्ये त्यांतल्या अनेकांचे हेड कोच दुसरीकडे जातात किंवा काढले जातात. मग विद्यापीठाला दोन-तीन आठवड्यांत नवा माणूस शोधावा लागतो आणि त्याच्याशी पाच-सहा वर्षांचा करार करावा लागतो. एकीकडे बातमीदार मागे लागलेले, दुसरीकडे देणगीदारांचे फोन. या धावपळीत बहुतेक समित्यांची नजर एकाच आकड्यावर खिळते: किती सामने जिंकले, किती हरले. हा आकडा सगळ्यांत सहज मिळतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. कोचच्या हाती काय होतं आणि त्यातून त्याने काय उभं केलं, यातला फरक मोजणं हे समितीचं खरं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पद्धत पुरुषांच्या संघासाठी लिहिली आहे, पण महिलांच्या संघालाही थोड्या फरकाने चालेल. अमेरिकेत शिकलेल्या आणि आपल्या विद्यापीठाच्या संघावर जीव टाकणाऱ्या मराठी मंडळींना नव्या कोचची घोषणा तपासून पाहायलाही ती उपयोगी पडेल.

पायरी १: आधी जागा कागदावर मांडा

उमेदवारांची नावं काढण्याआधी आपली जागा नेमकी कशी आहे ते दोन पानांत लिहा. आपली लीग कोणती आणि गेल्या पाच वर्षांत आपण तिच्यात कितव्या क्रमांकावर राहिलो? पुरुष बास्केटबॉलवर आपण किती खर्च करतो आणि लीगमधले बाकीचे किती? हे गुपित नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याकडे प्रत्येक कॉलेजच्या खेळवार खर्चाचे आकडे दरवर्षी जमा होतात आणि ते कुणालाही पाहता येतात. ॲडमिशनचे निकष किती कडक आहेत? दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूचे किती क्रेडिट आपण मान्य करतो? हा शेवटचा प्रश्न समित्या हमखास विसरतात. मग कोच येतो, चार खेळाडू ठरवतो आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात त्यातले दोन अडकतात.

खेळाडूंना द्यायला पैसा किती आहे, हेही लिहा. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाल्यापासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, पण ती सगळ्या खेळांची मिळून. फुटबॉल असलेल्या विद्यापीठात मोठा वाटा फुटबॉलच नेतो. बिग ईस्टसारख्या लीगमधल्या, मोठं फुटबॉल नसलेल्या कॉलेजांना बास्केटबॉलकडे जास्त वळवता येतो. तुमच्या बास्केटबॉलच्या वाट्याला किती, हा आकडा ठरल्याशिवाय एकाही उमेदवाराला फोन करू नका. चांगला उमेदवार पहिल्या दहा मिनिटांत हाच प्रश्न विचारतो, आणि "बघू, करू काहीतरी" हे उत्तर ऐकून तो मनातल्या मनात निघून गेलेला असतो.

शेवटी तिसऱ्या वर्षी काय झालं म्हणजे निवड योग्य ठरली असं मानायचं, हे एका वाक्यात लिहा. "राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा करणे" हे उत्तर नव्हे. "लीगमध्ये पहिल्या चारांत आणि ६८ संघांच्या एनसीएए स्पर्धेत प्रवेश" हे उत्तर आहे. समितीतल्या सगळ्यांनी या पानावर सही करावी. पुढे वाद झाले की हेच पान उघडायचं.

पायरी २: यादी करा, पण चार गटांतून

दहा-बारा नावांची यादी पुरे. मात्र सगळी नावं एकाच प्रकारची नकोत: लहान लीगमधला यशस्वी हेड कोच, मोठ्या संघाचा असिस्टंट, मोठ्या ठिकाणाहून काढला गेलेला अनुभवी कोच आणि खालच्या डिव्हिजनमधला कोच. चौथ्या गटाकडे अनेक जण पाहतही नाहीत. बेन मॅककॉलम यांनी नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटमध्ये डिव्हिजन टूची चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. २०२४ मध्ये ते ड्रेकला आले, डिव्हिजन टूमधले आपले चार खेळाडू सोबत आणले आणि पहिल्याच मोसमात ३१ जिंकून फक्त ४ हरले. वर्षभरातच आयोवाने त्यांना नेलं.

यादी करताना दोन खोडी टाळा. गेलेल्या कोचच्या बरोबर उलटा माणूस शोधणं ही पहिली: आधीचा कडक होता म्हणून आता मवाळ हवा. दुसरी म्हणजे माजी खेळाडूचं नाव भावनेपोटी यादीच्या डोक्यावर ठेवणं. त्याचं नाव जरूर असावं, पण त्यालाही हीच चाळणी लावा.

शोधाचं काम करणाऱ्या खाजगी कंपन्याही असतात. उमेदवाराच्या एजंटशी गुपचूप बोलणं, प्रवासाची सोय आणि कागदपत्रांची तपासणी यांसाठी त्या कामाच्या. पण निवड त्यांच्यावर सोपवू नका. त्याच कंपनीने तोच उमेदवार याआधी कुठे सुचवला होता का, हे आधी विचारून घ्या.

पायरी ३: रेकॉर्ड सोलून पाहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक उमेदवाराचे सगळे मोसम एका तक्त्यात भरा आणि पुढच्या गाळण्या एकेक करून लावा.

पहिली गाळणी वारशाची. पहिल्या वर्षीचा संघ बहुतेक आधीच्या कोचचा असतो, त्यामुळे त्या वर्षाचं श्रेय आणि दोष दोन्ही अर्धेच धरा. डॅन हर्ली ऱ्होड आयलंडला आले तेव्हा पहिल्या मोसमात ८ विजय, २१ पराभव. दुसऱ्यात १४-१८. तिसऱ्यात २३-१०. चौथ्यात १७-१५ अशी घसरण, कारण मुख्य खेळाडूचा गुडघा मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गेला. मग २५-१० आणि २६-८. निव्वळ बेरीज केली तर हा साधारण कोच दिसतो, वर्षवार रांगेत पाहिलं तर चढण दिसते. कनेक्टिकटने ती पाहिली. तिथेही पहिलं वर्ष १६-१७ असंच गेलं, आणि २०२३ व २०२४ मध्ये सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली.

आता पूर्वीइतका धीर कुणाकडे नसतो आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, पायरी ५ पाहा) संघ एका उन्हाळ्यात बदलता येतो. म्हणून २०२१ नंतरच्या मोसमांत दुसरं वर्ष कोचचं स्वतःचं धरायला हरकत नाही. त्याआधीच्या मोसमांत मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनचा संघच कोचचा स्वतःचा धरा.

दुसरी गाळणी पैशाची. प्रत्येक मोसमासाठी लीगमधला खर्चाचा क्रमांक आणि लीगमधला अंतिम क्रमांक शेजारी शेजारी मांडा. समजा दहा संघांच्या लीगमध्ये उमेदवाराचं कॉलेज खर्चात आठवं आहे आणि संघ तीन वर्षांत तिसरा, चौथा, दुसरा आला. फरक ५, ४ आणि ६, सरासरी ५. दुसऱ्या उमेदवाराचं कॉलेज खर्चात पहिलं आणि संघ दरवर्षी दुसरा. दुसऱ्याचे विजय जास्त असतील, पण कोच म्हणून पहिला वरचढ.

तिसरी गाळणी प्रतिस्पर्ध्यांची. एनसीएए २०१८-१९ पासून नेट नावाची क्रमवारी वापरते आणि सामन्यांचे चार कप्पे करते. पहिल्या कप्प्यात घरच्या मैदानावर क्रमांक १ ते ३० चे संघ, तटस्थ मैदानावर १ ते ५० आणि बाहेर १ ते ७५. विजयांचा मोठा भाग सगळ्यांत कमजोर संघांच्या चौथ्या कप्प्यातून, किंवा डिव्हिजन वनमध्येही नसलेल्या कॉलेजांविरुद्ध आला असेल, तर २२ विजयांचं वजन १५ इतकंच. उलट बाजूही पाहा. लहान कॉलेजं बजेट भागवायला पैसे घेऊन मोठ्या संघांच्या घरी खेळायला जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमधले त्यांचे चार-पाच पराभव कोचने नव्हे, हिशेबनिसाने ठरवलेले असतात. म्हणून लहान लीगमधल्या कोचची तुलना लीगच्या सामन्यांवरच करा.

चौथी गाळणी कार्यक्षमतेची. संथ खेळणारा संघ ६२ गुण करून उत्तम असू शकतो आणि धावणारा संघ ८५ करूनही सामान्य, म्हणून दर सामन्याचे गुण विसरा आणि दर १०० पझेशनमागचे गुण काढा (पझेशन म्हणजे चेंडू एका संघाकडे असण्याची एक पाळी). पझेशनचा अंदाज असा काढतात: फील्ड गोलचे एकूण प्रयत्न (गेलेले आणि चुकलेले), वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला फटका परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांच्या ०.४७५ पट. समजा एका सामन्यात ५८ फटके, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर आणि २० फ्री थ्रो. ५८ − १० + १२ + ९.५ = ६९.५ पझेशन. गुण ७६ असतील तर १०० पझेशनमागे साधारण १०९. आकडेतज्ज्ञ केन पोमेरॉय यांच्या साइटवर हे आकडे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त करून मिळतात, हाताने करत बसायची गरज नाही. पण समितीतल्या निदान एकाला आकडेमोड कळलेली असावी, नाहीतर एजंटने पाठवलेल्या रंगीत फायलीलाच सगळे भुलतात.

मग बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांचे चार घटक पाहा: नेमबाजी, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो मिळवणं. नेमबाजीसाठी इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी वापरा, म्हणजे थ्री-पॉइंटरला दीडपट मोल. वरच्या सामन्यात ५८ पैकी २७ गेले, त्यांत ८ थ्री-पॉइंटर, तर (२७ + ४) ÷ ५८, म्हणजे ५३.४ टक्के. देशाची सरासरी गेल्या काही वर्षांत ५० ते ५१ च्या आसपास आहे. खरा प्रश्न असा की खेळाडू बदलले तरी वर्षानुवर्षं काय टिकून राहिलं? संघ बदलूनही टर्नओव्हर दरवर्षी कमी असतील किंवा बचावात्मक रिबाउंड दरवर्षी चांगले असतील, तर ते कोचचं शिकवणं. एकाच वर्षी नेमबाजी चमकली तर ते त्या वर्षीच्या दोन नेमबाजांचं काम.

पाचवी गाळणी नशिबाची. पाच किंवा कमी गुणांनी सुटलेले सामने वेगळे काढा. एका मोसमात असे बारापैकी दहा जिंकले असतील तर टाळ्या वाजवा आणि विसरून जा, पुढच्या वर्षी ते क्वचितच टिकतं. प्रतिस्पर्ध्यांच्या थ्री-पॉइंटरची टक्केवारीही अशीच. ती कोचच्या हातात फारशी नसते. प्रतिस्पर्ध्याला थ्री-पॉइंटर मारायला किती वेळा मिळाले, हे मात्र बचावावर अवलंबून असतं, म्हणून टक्केवारीऐवजी प्रयत्नांचं प्रमाण पाहा. समोरच्याचे फ्री थ्रो चुकले म्हणून कुणाचा बचाव चांगला ठरत नाही, हे सांगायला नको, तरी दर वसंतात सांगावं लागतं.

करोनाच्या २०२०-२१ मोसमाचं वर्ष खेळाडूंच्या पात्रतेत धरलं गेलं नव्हतं. त्यामुळे त्यानंतरची चार वर्षं अनेक संघांत पाचव्या, सहाव्या वर्षाचे खेळाडू होते. त्या काळातली मोठी कामगिरी तेवीस-चोवीस वर्षांच्या गड्यांनी केली असेल, तर ते उमेदवाराच्या तक्त्यात नोंदवा.

आणि मार्चमधली धाव. एनसीएए स्पर्धेतले तीन-चार विजय म्हणजे तीन-चार सामने, इतकंच. २०११ मध्ये शाका स्मार्ट यांनी व्हीसीयूला (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) फर्स्ट फोर या प्राथमिक फेरीपासून थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत नेलं. पुढे टेक्सासमध्ये सहा मोसमांत त्यांना एनसीएए स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. मार्क्वेट विद्यापीठात मात्र दुसऱ्याच वर्षी, २०२३ मध्ये, बिग ईस्टची दोन्ही विजेतेपदं (नियमित मोसमाचं आणि लीगच्या स्पर्धेचं) मिळाली. माणूस तोच. व्हीसीयूचा पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा खेळ टेक्सासमध्ये तसा उभा राहिला नाही. तेव्हा "हा किती चांगला?" इतकं विचारून थांबू नका, "याची पद्धत आपल्या जागेत बसेल का?" हे पायरी १ चं पान समोर ठेवून विचारा. सेंट पीटर्स २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या आठांत पोचलं, तसं आधी कुणी केलं नव्हतं. त्यांचे कोच शहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. तिथे दुसऱ्या वर्षी एनआयटी ही मोसमानंतरची दुय्यम स्पर्धा जिंकली आणि तिसऱ्या वर्षी ७-२५. एवढ्या चढउतारावरून त्यांच्याबद्दल ठाम निकाल देता येत नाही, आणि एका मार्चवरून तर मुळीच नाही.

पायरी ४: आठ सामने पाहा, पण योग्य आठ

एजंट विजयांचे व्हिडिओ देतो. तुम्ही निवडा: एक मोठा पराभव, दोन निसटते पराभव, बाहेरच्या मैदानावरचे दोन विजय, एकाच मोसमात एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे दोन सामने आणि लीगच्या स्पर्धेतला एक. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धची जोडी सगळ्यांत बोलकी. पहिल्या सामन्यात ज्या गोष्टीने मार खाल्ला, तिच्यावर दुसऱ्यात काही उपाय केला का?

पाहताना वही घेऊन बसा. टाइमआउटनंतरच्या पहिल्या पझेशनला काय झालं, प्रत्येक वेळी लिहा. टीव्हीचे टाइमआउट दर हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली पहिल्यांदा खेळ थांबतो तेव्हा येतात, त्यामुळे एका सामन्यातच पुरेशा नोंदी मिळतात. बेसलाइनवरून चेंडू आत घेताना ठरलेला डाव आहे की गोंधळ? हाफ संपताना साधारण ४० ते ३५ सेकंद उरलेले असताना फटका मारून शेवटचं पझेशन पुन्हा आपल्याकडे येईल अशी आखणी आहे का? शॉट क्लॉक ३० सेकंदांचा असल्याने हे गणित सोपं आहे, तरी अनेक संघ ते करत नाहीत. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झालेल्या उत्तम खेळाडूला कोच डोळे मिटून बाकावर बसवतो का? प्रतिस्पर्ध्याचे सात फाउल होऊन आपल्याला बोनस (पुढच्या फाउलांवर फ्री थ्रो) मिळाला हे संघाला माहीत आहे का, तो रिंगकडे घुसायला लागतो का?

पिक अँड रोलवरचा (सहकारी बचावपटूला अडवून चेंडूवाल्याला वाट करून देतो त्या डावावरचा) बचाव खास पाहा. उंच खेळाडू मागे थांबतो, पुढे झेपावतो, की सगळे अदलाबदल करतात? यातला कुठला प्रकार चांगला हा मुद्दाच नाही. खेळाडू बदलले तेव्हा प्रकार बदलला का, ते पाहा. सावकाश उंच सेंटर असतानाही दरवर्षी तोच आक्रमक बचाव असेल, तर हा कोच आपल्या पद्धतीत माणसं कोंबतो.

पायरी ५: संघ कसा जमवतो आणि कसा टिकवतो

ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ पासून कितीही वेळा. त्यामुळे हेड कोच दर एप्रिलमध्ये जवळपास नवा संघ बांधतो. गेल्या तीन वर्षांत उमेदवाराकडे आलेला आणि त्याला सोडून गेलेला प्रत्येक खेळाडू एका पानावर लिहा.

सोडून गेलेल्यांचे दोन ढीग करा. वरच्या लीगमध्ये गेलेले खेळाडू ही कोचची स्तुतीच आहे. त्याने तो मुलगा घडवला, कुणीतरी जास्त पैसे देऊन नेला. त्याच पातळीवर किंवा खाली गेलेल्यांत भरपूर खेळायला मिळत असलेले मुलगे असतील, तर थांबा. मिनिटं मिळत असून मुलगा शेजारच्या कॉलेजात गेला तर कारण बहुधा कोच असतो. त्या मुलांशी बोला, आणि त्यांच्या पालकांशीही.

आलेल्यांच्या बाबतीत पाहायचं की आधीच्या कॉलेजातल्या आकड्यांपेक्षा इथे ते सुधारले का. चारपैकी तीन सुधारले तर नजर आहे आणि शिकवणंही आहे. फक्त मोठी नावं आणून ती जशीच्या तशी राहिली तर हे पैशाचं काम, आणि तुमच्याकडे तेवढा पैसा नसेल तर इथेच पान मिटा.

आता पैशाच्या नियोजनाबद्दल सरळ विचारा: एवढ्या रकमेत पंधरा जणांचा संघ कसा भराल? वरच्या तिघांना किती, पुढच्या पाचांना किती? बाहेरच्या कंपन्यांशी खेळाडूचे ६०० डॉलर किंवा जास्तीचे करार तपासणीसाठी कळवावे लागतात. ते काम त्याच्याकडे कोण पाहतं? "माझा जनरल मॅनेजर पाहतो" हे उत्तर चालेल, पण मग त्या माणसाशीही बोला.

पायरी ६: असिस्टंट कोचला उमेदवारी देताना

असिस्टंटच्या नावावर विजय-पराभव नसतात, म्हणून समित्या त्याच्या संघाच्या झळाळीवर जातात. टॉमी लॉइड वीस वर्षं गोंझागात असिस्टंट होते. ॲरिझोनाने २०२१ मध्ये घेतलं, पहिला मोसम ३३-४. केनी पेन केंटकीत दहा वर्षं नावाजलेले असिस्टंट, शिवाय लुइव्हिलचे माजी विजेते खेळाडू. २०२२ मध्ये लुइव्हिलला हेड कोच झाले आणि दोन मोसमांत ४-२८ व ८-२४. त्यांच्या जागी आलेले पॅट केल्सी विनथ्रॉप आणि चार्ल्सटनमध्ये बारा वर्षं हेड कोच होते. त्यांनी पहिल्याच वर्षी २७-८ केलं.

यावरून असिस्टंट घेऊच नयेत असा निष्कर्ष काढू नका. त्याने नेमकं काय सांभाळलं ते खोदा. आक्रमणाची आखणी कुणाची होती? प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास मोसमातल्या किती सामन्यांसाठी त्याने केला? कुठला खेळाडू त्याने एकट्याने शोधला, आणि हेड कोच आधी नको म्हणत होता असा कुणी त्यात आहे का? सरावाचा दिवस त्याने स्वतः चालवला आहे का? आणि आपला स्टाफ कोण असेल, नावानिशी. २०२३ पासून हेड कोचबरोबर पाच असिस्टंटना मैदानावर शिकवता येतं. पाचांपैकी निदान एक माजी हेड कोच असावा, हा आग्रह असिस्टंट उमेदवाराच्या बाबतीत सोडू नका. नवख्या माणसाला जानेवारीत सलग पाच पराभव झाल्यावर काय करायचं ते आधी भोगलेला कुणीतरी शेजारी हवा.

पायरी ७: कागदपत्रं, चौकशा, पदवी

इथे गुण द्यायचे नाहीत. पास किंवा नापास.

पदवी त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून लेखी तपासा, घोषणेच्या आधी. २०१४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाने मॅनहॅटनचे कोच स्टीव्ह मॅसिएलो यांना जवळपास नेमलं होतं. त्यांची केंटकीची पदवी पूर्ण झालेली नाही हे तपासात निघालं आणि नेमणूक मागे घ्यावी लागली. दोन दिवसांचं काम आहे, पण ते पत्रकार परिषदेच्या आधी व्हायला हवं.

शिक्षणातली प्रगती मोजणारा एपीआर हा आकडा पाहा. दर सत्रात प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूमागे दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. चार वर्षांची सरासरी हजारापैकी ९३० च्या खाली गेली तर संघ मोसमानंतरच्या स्पर्धेला मुकू शकतो. कनेक्टिकट २०१३ मध्ये असंच बाहेर राहिलं, आणि तो फटका बसला नव्याने आलेल्या केविन ऑली यांना. पुढच्याच वर्षी त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ती गोष्ट वेगळी. म्हणजे उमेदवाराचा एपीआर पाहा आणि स्वतःचाही त्याला दाखवा.

एनसीएएच्या कारवाया तपासा. शो-कॉज आदेश, म्हणजे नियम मोडणाऱ्या कोचवर एनसीएएने घातलेले निर्बंध, कोचबरोबर नव्या कॉलेजात येतो, आणि आता असिस्टंटने केलेल्या उल्लंघनालाही हेड कोच आपोआप जबाबदार धरला जातो. असा डाग म्हणजे कायमचा नकार असं मात्र नाही. केल्विन सॅम्पसन यांच्यावर २००८ मध्ये पाच वर्षांचा आदेश होता. ह्यूस्टनने २०१४ मध्ये त्यांना घेतलं, आणि २०२५ मध्ये संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता. ब्रूस पर्ल यांच्यावर २०११ मध्ये तीन वर्षांचा आदेश आला, तोही चौकशीत खोटं बोलल्याबद्दल. ऑबर्नने त्यांना घेतलं ते २०१४ मध्ये. नियम मोडणं आणि चौकशीत खोटं बोलणं यांत समितीने स्वतःची रेघ आधी आखावी, उमेदवाराचा चेहरा समोर येण्याआधी. लैंगिक छळ, खेळाडूंना मारहाण वा अपमान यांच्या तक्रारींवर मात्र रेघ सरळच असावी, आणि ही चौकशी आधीच्या प्रत्येक कॉलेजच्या संबंधित ऑफिसकडे वकिलामार्फत लेखी करावी.

पायरी ८: कुणाला फोन करायचे

उमेदवाराने दिलेली नावं शेवटी. आधी हे लोक: संघाचा विद्यार्थी मॅनेजर, फिजिओ, अभ्यासाचा सल्लागार, ऑफिसातली सेक्रेटरी, शाळेचे दोन-तीन कोच, कमी खेळायला मिळालेले दोन माजी खेळाडू आणि सोडून गेलेला एक असिस्टंट. "माणूस कसा आहे?" असं विचारलं की सगळे छानच म्हणतात. त्याऐवजी: पराभवानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कसं वातावरण असतं? जखमी खेळाडूला परत आणण्यासाठी फिजिओवर दबाव आला होता का? असिस्टंट किती बदलले आणि का? तुमचा मुलगा खेळत असता तर याच्याकडे पाठवला असता का? या शेवटच्या प्रश्नाला किती वेळ शांतता पसरते तेही लिहून ठेवा.

पायरी ९: मुलाखत

चार-पाच उमेदवार, प्रत्येकी दीड तास, आणि सगळ्यांना तेच प्रश्न. पहिला अर्धा तास त्याला बोलू द्या, तो पाठ करून आलेलाच असतो. मग कामाला लावा.

आपल्या सध्याच्या खेळाडूंची यादी आदल्या दिवशी द्या आणि विचारा: कुणाला ठेवाल, पहिल्या ४८ तासांत कुणाला कोणत्या क्रमाने फोन कराल? कोच बदलला की खेळाडूंना पोर्टलमध्ये जायची मुभा मिळते, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. ज्याने यादीतले सामने पाहिलेले असतात तो नावानिशी बोलतो. ज्याने पाहिलेले नसतात तो "संस्कृती" हा शब्द फार वापरतो.

मग मार्कर हातात द्या: दोन गुणांनी मागे, ७ सेकंद, चेंडू साइडलाइनवर, समोर अदलाबदलीचा बचाव. डाव आखून दाखवा, आणि पहिला पर्याय अडला तर पुढे काय? त्याच्या सर्वांत वाईट मोसमाबद्दल वीस मिनिटं ठेवा, तिसऱ्या पायरीचा तक्ता समोर ठेवून. कारण स्वतःच्या निर्णयांत शोधतो की दुखापतींत, पंचांत आणि विद्यापीठात?

मुलाखत उत्तम देणारे आणि संघ उत्तम चालवणारे हे दोन वेगळे गट आहेत, आणि पत्रकार परिषद जिंकणारा तिसराच. म्हणून मुलाखतीला एकूण शंभरापैकी पंधराहून जास्त गुण देऊ नका. आमचं वजन असं: संघ जमवणं-टिकवणं ३०, रेकॉर्डमधून दिसणारं कोचिंग ३०, स्टाफ १५, जागेशी जुळणं १०, मुलाखत १५. प्रत्येकाने आपले गुण चर्चेआधी बंद पाकिटात द्यावेत, नाहीतर पहिल्यांदा बोलणाऱ्या देणगीदाराचं मत सगळ्यांचं होतं.

पायरी १०: करार करताना

उमेदवार पसंत पडला की समित्या सैल पडतात, आणि एजंट नेमके तेव्हाच जागे होतात. तुमच्या फोनचा उपयोग सध्याच्या कॉलेजकडून पगारवाढ मिळवायला होत नाही ना, हे ओळखायला एक साधी खूण: खरा इच्छुक स्टाफचं बजेट, सरावाची जागा, विमानप्रवास यांवर प्रश्न विचारतो. दुसरा फक्त आकडा विचारतो आणि बातमी फुटते.

बायआउट दोन्ही बाजूंनी लिहा. कोच स्वतः गेला तर तो किती देईल, आणि काढला तर विद्यापीठ किती देईल. दोन्ही रकमा दरवर्षी कमी होत जाव्यात. काढल्यानंतर त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली तर तिथला पगार आपल्या देण्यातून वजा होईल, हे कलम ठेवा, आणि त्याने नोकरी शोधायला हवी असंही लिहा. एनसीएए स्पर्धेत एकदा पोचल्यावर आपोआप एक वर्ष वाढ, हे कलम फार आकर्षक दिसतं. मार्चमधल्या एका चांगल्या आठवड्याने तुमच्या गळ्यात आणखी एका वर्षाचा पूर्ण पगार पडतो. त्याऐवजी एकरकमी बोनस द्या, आणि एपीआर ९३० च्या बराच वर राहिला तरच तो मिळेल अशी अट घाला. स्टाफच्या पगाराची एकूण रक्कम आणि खेळाडूंसाठीच्या पैशाचा किमान आकडा कोच लेखी मागेल. तो द्या, पण पायरी १ मध्ये लिहिला होता तोच.